धोंड्याच्या महिन्यात सरलेली मुदत

ये इकडे, अशी जवळ सरकून बस. तू पुण्यात आहेस हे मले माहीत आहे, एवढी विसरभोळी मी अजून झाली नाही. पण लिहिताना समोर कोणी बसलं असल्याशिवाय माझं लिहिणं पुढे सरकत नाही, म्हणून तुलेच बसवते. अन् आधी थोडं रागावून घेते, मग गोष्ट सांगते. परवा फोनवर तू काय म्हणाली? "मोठी आजी, दोन वर्षं काय कमी असतात का? तुम्ही लोक कुठे म्हणून वेळेवर जात नाही." तुझी आजी माझ्या शेजारीच बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. फोनचा आवाज मोठा होता. तिने ऐकलं, अन् शेंगा सोलत राहिली. असं बोलू नये, बाई. तुले काही माहीत नाही म्हणून तू बोलली, अन् माहीत नाही यात तुझी चूक नाही. तेव्हा तू शाळेत होती, अन् तुझ्यासमोर या गोष्टी घरात कोणी काढत नव्हतं. आज मी काढते.

मी या घरात सून म्हणून आली तेव्हा चुलीपाशी एकटीच होती. पुढे दोन वर्षांनी धाकट्या दिराचं, म्हणजे तुझ्या आजोबाचं लग्न झालं अन् तुझी आजी आली, समुद्रपूरकडची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मले विचारलं, "जाऊबाई, तुमच्याकडे चहात अद्रक टाकत नाई का?"

मी म्हटलं, "नाई टाकत."

"मंग उद्यापासून टाकू."

असा तिचा कारभार. खरं म्हणजे मले राग यायला पाहिजे होता, पण दुसऱ्या दिवशीचा चहा इतका चांगला झाला की माझ्या सासऱ्याने कप परत पुढे केला. तेव्हापासून आमच्या दोघींची जोडी जमली ती जमलीच. सेलूच्या बाजारात दुकानदार आम्हाले सख्ख्या बहिणी समजत.

कापूस वेचाले आम्ही सोबत जात होतो. सीतादहीचा दिवस तिले फार आवडे. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात शिंपडतात ना, ती सीतादही. शिंपडायचा तेवढा भात शिंपडून उरलेला ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून खात असे, अन् मले म्हणे, "देवीचं पोट लहान असते, आपलं मोठं." वेचायची तर दोन्ही हातांनी, बोंडातला कापूस कधी निघाला ते कळू नये अशी. पोटाशी बांधलेली झोळी भरून फुगली की कमरेवर हात ठेवून तासातून, कापसाच्या दोन ओळींमधून, डुलत चाले अन् ओरडून सांगे, "सरका वं बायाहो, मले नववा लागला." साऱ्या शेतातल्या बाया हसत. त्या हसण्याचा आवाज मले अजून ऐकू येतो. आता तर वेचाले बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर ज्याच्या त्याच्या कानात फोनचं गाणं असते.

आता डॉक्टरचं सांगते. बाजाराच्या गावी त्याचा दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही, काय करायचं लिहून. चांगला माणूस होता, अन् तुझी आजी अजूनही म्हणते की चांगला आहे. तुझी माय त्याच्याच हातून झाली. नाल्याले पूर असताना चप्पल हातात घेऊन तो आमच्या घरी आल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हिवाळा लागला की तुझी आजी त्याच्याकडे पिशवीभर वांगी अन् आंबाडी धाडत असे. कोणाले साधा खोकला झाला तरी हिचं एकच, "आमच्या डॉक्टरसायेबाले दाखवा." आमच्या डॉक्टरसायेबाले, असं म्हणे.

तर तिची गर्भाची पिशवी काढायचं ठरलं तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. पोळ्याचा दुसरा दिवस होता, तान्हा पोळा. लेकरं लाकडाचे बैल सजवून दारोदार फिरत होती अन् आम्ही तिले ऑटोत बसवत होतो. बसता बसता ती मले सांगत होती, "लेकराईचा बोजारा, खाऊ अन् सुटे पैसे, फळीवर ठेवला हाय. कोनी रिकाम्या हातानं नोको जाऊ." ऑपरेशन झालं, टाके निघाले, घरी आली.

अन् मग दुखणं लागलं. पोटात एका जागी, उजवीकडे. सुरुवातीले आम्हीच म्हणत होतो की पोट फाडलेलं आहे, दुखणारच. पण महिने गेले, दुखणं गेलं नाही. ती डॉक्टरकडे जाई, तो पोट दाबून पाही, गोळ्या देई अन् म्हणे, "काही नाही मावशी, वहम आहे. मनातून काढून टाका." ती घरी येऊन आम्हाले सांगे, "वहम हाय म्हनते." अन् पुन्हा पंधरवड्याने जाई. तुझा आजोबा तिले चिडवे, "वेचणी आली का हिचं पोट बरोबर दुखते." त्याचं बोलणं वाकडं असते, मन नाही, पण हे तिले लागत होतं. पुढच्या हंगामात ती झोळी पोटाशी बांधेनाशी झाली. पाठीशी बांधायची, अन् हात वाकडा करकरून मागे कापूस टाकायची. अर्धा कापूस खाली सांडे. तो मी मागून उचलत जाई.

होळी झाल्यावर तिले ताप भरला अन् उतरेना. तेव्हा मात्र आम्ही तिले वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे मशीनमध्ये पाहिलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली अन् तुझ्या आजोबाले म्हणाली, "काका, पोटात कापड राहिलेलं आहे."

"कापड? कायचं कापड?"

"पट्टीचं. आधीच्या ऑपरेशनमधलं."

तुझा आजोबा भिंतीले टेकून तिथेच खाली फरशीवर बसला. तुझी आजी तिथेच बाजूले चाकाच्या खाटेवर होती, तापाने डोळे लाल झालेले. तिने ऐकलं अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाह्यलं का जाऊबाई? मी खोटं नव्हती बोलत." तिच्या तोंडावर त्या वेळी मी जे पाहिलं ते दुःख नव्हतं. मरणाच्या दारात पडलेली बाई, अन् तिच्या जिवाले बरं वाटून राह्यलं होतं की कोणीतरी आपलं खरं धरलं.

दुसरं ऑपरेशन झालं, कापड निघालं, ती वाचली. तिले थोडी ताकद आल्यावर तुझा आजोबा बाजाराच्या गावी जाऊन डॉक्टरले भेटून आला. भांडाले गेला नव्हता, नुसतं सांगाले गेला होता. डॉक्टर म्हणाला, "ते आमच्याकडचं नाही." तेवढंच. चहा घ्या म्हणाला, पण ते आमच्याकडचं नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले त्याईचं काई नोको. त्याईच्या तोंडून ऐकाचं हाय, का मावशी, तुमचं दुखत होतं ते खरं होतं. चार लोकाईसमोर." तुझा आजोबा म्हणाला, "असं कोनी म्हनत असते का?" तर ती म्हणाली, "जज विचारन तं म्हनाच लागन ना."

तुझ्या मायने वर्धेत एक वकीलबाई शोधून काढली. उन्हाळ्यात तुझे आजी-आजोबा अन् मी, आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. पोरगी हुशार, पण शहरात वाढलेली. तिने सांगितलं की हे ग्राहकाच्या कचेरीत जाते, अन् त्याले मुदत असते दोन वर्षांची. दोन वर्षांच्या आत तक्रार टाकली पाहिजे. तिने विचारलं, "पहिलं ऑपरेशन कधी झालं?"

तुझी आजी म्हणाली, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. मागच्याच्या मागच्या."

"बरं. मग दोन वर्षं व्हायच्या आत दोन्ही दवाखान्यांचे कागद घेऊन या."

"येतो ना बाई," आम्ही तिघांनी म्हटलं.

आता तू म्हणशील, लगेच काऊन नाही गेले? ऐक. आधी तर तिचे टाके ओले होते, त्या एका फेरीनेच ती चार दिवस निजून होती, पुन्हा एसटीत बसून वर्धेपर्यंत धक्के खायची तिची हिंमत नव्हती. मग पेरणी आली. अन् पेरणीमागून आला धोंड्याचा महिना. त्या साली श्रावण दोन होते, एक अधिक अन् एक निज. अधिक म्हणजेच आपला धोंडा.

त्या धोंड्याची आठवण निघाली का माझं मन अजून भरून येते. तुझी माय अन् बाप धोंड्याचं जेवाले आले होते, तूही होतीस, दोन वेण्या घातलेली. तुझी आजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती अन् तिथून मले हुकूम सोडत होती. "जाऊबाई, आच कमी करा. अनारसा जाळी सोडते का नाई पाहा. त्याईले उलटू नोका, त्याले एकच बाजू असते." मी म्हटलं, "चाळीस वर्षांपासून अनारसे करून राह्यली, मले शिकवतं?" ती म्हणे, "म्हनूनच शिकवतो, चाळीस वर्षांपासून जळूनच राह्यले." तुझा बाप पाटावर बसून हसता हसता ठसकला. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच अशी बोलत होती. घर कसं भरलं होतं.

तू अंगणात खेळाले गेली तेव्हा तुझ्या मायने विषय काढला. "बावाजी, वर्धेले कवा जाता?"

तुझा आजोबा म्हणाला, "धोंड्यात नवं काम काढत नाई पोरी. अन् कोर्टाचं तं मुळीच नाई. धोंड्यात सुरू केलेलं सरळ होत नाई."

"पण दोन वर्षं भरत आले ना?"

यावर तुझ्या आजीनेच उत्तर दिलं, "कुठं भरले? पोळ्यापासून पोळा एक वर्ष, अन् तिथून येनारा पोळा दुसरं. पोळा अजून व्हाचा हाय. तान्हा पोळा झाला का दुसऱ्याच दिवशी निघू."

घरात आम्ही एवढे जण होतो, सगळ्यांनी मान हलवली. तुझ्या मायनेही. कारण आपण सारं असंच मोजत आलो. वासरू किती पोळ्याचं झालं, लग्नाले किती पोळे झाले, विहीर कोणत्या पोळ्याले बांधली. इंग्रजी तारीख ही शाळेत अन् बँकेत लागणारी वस्तू होती. धोंडा मध्ये घुसला का पोळा मागे सरकतो हे काय आम्हाले माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पाऊस पडून गेल्यावर पोळा येते आहे यंदा, असं तर आम्हीच बोलत होतो. पण पोळा सरकला म्हणजे मुदत सरकत नाही, हे काही कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तो पोळा मोठा छान झाला. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने चोळले अन् तुझ्या आजीने बैलाच्या कानापाशी जाऊन त्याले जेवणाचं आवतण दिलं. आजारपणात तिले ते जमलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याले लेकरं आली, सगळ्यांचा बोजारा तिने आपल्या हाताने दिला. अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, धुतलेलं पातळ नेसून, कागदाची थैली छातीशी धरून, ती आमच्यासंगं वर्धेले निघाली.

वकीलबाईने कागद पाहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"मावशी, तुम्ही म्हणाल्या होत्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ऑपरेशन झालं."

"हो मंग. अन् तान्हा पोळा कालच झाला."

"तेव्हाचा पोळा लवकर होता. यंदा अधिक महिन्यामुळे उशिरा आला. तारखेने दोन वर्षं गेल्या आठवड्यात संपली."

तुझा आजोबा म्हणाला, "असं कसं संपन? आमी मोजूनच आलो. दोन पोळे होतेत."

"काका, कायदा पोळ्यावर नाही चालत."

तुझी आजी म्हणाली, "कायद्याच्या घरी बैल नसन." म्हणायले म्हणाली, पण रिकामी थैली तिने परत छातीशी धरली.

वकीलबाई पोरगी चांगली. तिने आम्हाले पाणी दिलं अन् समजावलं. म्हणाली, रस्ता बंद नाही झाला. एक तर आपण म्हणू की कापड पोटात आहे हे कळलं होळीनंतर, तर मुदत तिथपासून मोजा. कळल्याशिवाय माणूस तक्रार कशाची करेल? अन् दुसरं, तरीही उशीर झाला असं वाटलं तर तो माफ करा, असा वेगळा अर्ज देऊ. त्यात आजारपण लिहू, दुसरं ऑपरेशन लिहू.

"अन् धोंडा लिहाल ना?" तुझ्या आजीने विचारलं.

"ते नको मावशी."

"काऊन? खरं हाय ते."

"खरं आहे, पण ते त्यांना हसण्यासारखं वाटेल."

तर अर्जात धोंडा आला नाही. अन् पुढचे किती महिने आमच्या घरात एकच गोष्ट होती, की तिचं ऐकतील का दारातूनच परत धाडतील. निकाल काय लागेल ते दूर राहिलं. नुसतं आत घेतील का नाही, एवढंच. सीतादही आली, गेली. तिने त्या साली भात खाल्ला नाही, म्हणाली भूक नाही.

ज्या दिवशी त्या मुदतीवरच बोलणं होतं त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर आला नव्हता, त्याचा वकील आला होता, काळ्या कोटातला गोरटेला माणूस. तो उभा राहून म्हणाला की या बाईले पहिल्या दिवसापासून दुखत होतं, हे तिनेच लिहून दिलं आहे. म्हणजे काहीतरी बिघडलं हे तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मुदतही पहिल्या दिवसापासूनच धरली पाहिजे.

मले आधी ते कळलंच नाही. मग कळलं अन् डोक्यात सणक गेली. दीड वर्ष हेच लोक म्हणत होते की काही नाही, वहम आहे. अन् आता म्हणतात की तुले सारं माहीत होतं.

तुझी आजी उभी राहिली. वकीलबाईने तिचा पदर ओढला, पण ती बसली नाही. खुर्चीवरच्या बाईसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

"सांगतो ना. हे वकीलसायेब म्हनते ते खरं हाय, मले पयल्या दिवसापासून दुखे. मी दर पंधरा दिवसाले जाऊन डॉक्टरसायेबाले विचारो. ते म्हने काई नाई. मी अडानी, ते डॉक्टर. मी त्याईचं ऐकलं. ऐकाले नोको होतं का?"

त्या वकिलाने कागद खालीवर केले.

बाईसाहेबांनी पुढे विचारलं, "अन् उन्हाळ्यात तुम्हाला मुदत सांगितली होती. तेव्हा लगेच का आला नाहीत?"

वकीलबाई उठून सांगणार तोच तुझी आजी म्हणाली, "टाके ओले होते. अन् मंग धोंडा लागला जी. धोंड्यात नवं काम काढत नाई. अन् आमी पोळ्यानं मोजलं, तं पोळाच उशिरा आला." वकीलबाईने कपाळाले हात लावला. पण बाईसाहेबांच्या शेजारी एक म्हातारे साहेब बसले होते. ते त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोळा त्या साली उशिराच होता खरा." हसले नाहीत. मागच्या बाकावरून मी नीट ऐकलं.

निकाल पुढच्या तारखेवर लागला. वकीलबाईने बाहेर पायऱ्यांवर आम्हाले सोपं करून सांगितलं. मुदत कापड सापडलं त्या दिवसापासून धरली. आपल्या पोटात काय आहे ते बाईले दिसत नाही, अन् ती वेळोवेळी डॉक्टरकडे जाऊन विचारत होती, म्हणून ती गप्प बसली असं होत नाही. तक्रार वेळेत आहे. डॉक्टरले आता उत्तर द्यावं लागेल.

"म्हनजे आत घेतलं मले?" तुझ्या आजीने विचारलं.

"घेतलं मावशी."

ती पायरीवर बसली अन् तिने चपला काढून पाय मोकळे केले, जशी शेतातून आल्यावर ओट्यावर बसते तशी.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी होती, तुझा आजोबा तिच्या बाजूले, अन् मी त्यांच्या मागे. पवनार गेलं. मग तो बाहेर पाहतच म्हणाला, "तवा लय दुखे का वं?"

ती म्हणाली, "वेचताना लय. तुमी तं बाजूच्याच तासात राहत होते."

थोड्या वेळाने तिनेच म्हटलं, "राहू द्या आता. तुमाले कोनं दाखवलं होतं मशीनमध्ये." सेलू आलं तेव्हा त्याने तिचा हात धरून तिले एसटीतून उतरवलं. आमच्या इकडे म्हातारे नवरे भर स्टँडवर असं करत नाहीत. दोनचार ओळखीचे लोक पाहत होते, त्याने पाहू दिलं.

खरी तक्रार अजून चालूच आहे. तारखा पडतात, आम्ही जातो. डॉक्टर एकदा आला होता, दुरून हात जोडले त्याने, अन् हिनेही जोडले. तो काय म्हणेल, कधी म्हणेल, म्हणेल का नाही, मले माहीत नाही. तिलेही माहीत नाही. पण आता त्याले तिथे उभं राहून तिच्या दुखण्याबद्दल बोलावं लागणार आहे, अन् ते ती ऐकणार आहे.

तर असं आहे. तू फोनवर बोलली ते मी तिच्या मनातून काढू शकत नाही, मी लिहून दिलं म्हणून ते निघणारही नाही. ती फोनवर तुले काही सांगणार नाही, फोनवर ती फक्त जेवली का विचारते. तिच्याजवळ बसून विचारशील तर सांगेल, डावीकडे बसजो, उजव्या कुशीवर तिले अजून टेकवत नाही. पुढची तारीख लवकरच आहे अन् यंदा आम्ही ती इंग्रजी कॅलेंडरवरच लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. सुट्टी मंजूर व्हायची वाट नोको पाहू. त्याच्या आधीच येजो, अन् तिच्यासंगं वर्धेले जाजो.